बुलेटचा ठोका संथ हवा, तुटका नको

प्रश्न : काका, माझ्या मामांची 1996 सालची बुलेट 350 (कास्ट आयर्न इंजिन) आता माझ्याकडे आहे. गुहागर ते चिपळूण येणंजाणं असतं. डग... डग... डग असा जुना ठोका हवा म्हणून एका गॅरेजमध्ये आयडलिंग (रेस न देता उभ्या गाडीचं फिरणं) खाली आणून घेतलं. तिथे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतलं, मिक्श्चर (हवेतलं पेट्रोलचं प्रमाण) वाढवलं आणि सायलेन्सरची आतली जाळी काढली. आवाज आला, पण गाडी उभी असताना पाच-सहा ठोक्यांनंतर एक ठोका गिळते. उतारावर रेस सोडली की फटाके फुटतात. बेंड पाईप (इंजिनातून निघणारा धुराचा पाईप) निळा पडलाय, रात्री थांबलो की हेडलाइट मंदावतो आणि पीयूसीत गाडी नापास झाली. गणपतीला चुलतभाऊ 2022 ची क्लासिक 350 घेऊन मुंबईहून येतोय. अमेरिकन गाड्यांचे व्हिडिओ दाखवून त्याला तोच खडबडीत आवाज हवाय. आयडलिंग किती खाली आणलं तर चालतं?

उत्तर :

तुझ्या गाडीत आत्ता दोन निराळे आवाज एकत्र येतायत. संथ ठोका आणि तुटका ठोका. संथ ठोक्यात प्रत्येक स्फोट पुरा होतो, फक्त दोन स्फोटांमध्ये वेळ जास्त जातो. तुटक्या ठोक्यात मधला एखादा स्फोट होतच नाही किंवा अर्धवट होतो, आणि न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमध्ये जातं. लांबून ऐकणाऱ्याला दोन्ही भारदस्त वाटतात. मामांच्या गाडीला पहिला ठोका नक्की मिळेल, कारण तिची घडणच त्यासाठी आहे. दुसरा मात्र ताबडतोब काढून टाक. तू सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी त्याच्यातूनच आल्या आहेत.

आधी घडण समजून घे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिलिमीटर, एकूण 346 सीसी. एकच सिलिंडर, लांब स्ट्रोक आणि वजनदार फ्लायव्हील. फोर-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकच स्फोट. म्हणजे 900 आरपीएमला (मिनिटाला 900 फेऱ्यांना) मिनिटाला 450 ठोके, सेकंदाला साडेसात. एका स्फोटापासून दुसऱ्यापर्यंत इंजिन ओढून नेण्याचं काम फ्लायव्हील करतं. ते जड आहे म्हणूनच एवढ्या कमी फेऱ्यांवरही गाडी बंद पडत नाही. ठोका तिथून येतो. सायलेन्सर त्याला फक्त सूर देतो.

या गाडीला टॅकोमीटर (फेऱ्या दाखवणारा काटा) नाही, म्हणून मोजायची साधी रीत सांगतो. गाडी पूर्ण गरम असताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर, नंतर वेग कमी करून ऐक आणि दहा सेकंदांतले ठोके मोज. त्या आकड्याला 12 ने गुण, आरपीएम मिळेल. 75 ठोके म्हणजे 900, 67 म्हणजे सुमारे 800, 50 म्हणजे 600. माझ्या मते चांगल्या अवस्थेतल्या कास्ट आयर्न 350 ला 800 ते 900 ही योग्य जागा आहे. तुझी गाडी बहुधा 600 च्या आसपास ठेवलेली असणार. तिथे ती आपल्या बळावर चालत नाही, जास्तीच्या पेट्रोलवर कशीबशी तगून राहते.

तसं का, ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व (धूर बाहेर सोडणारा) पूर्ण बंद व्हायच्या आधीच इनलेट व्हॉल्व (मिश्रण आत घेणारा) उघडायला लागतो. थोडा वेळ दोन्ही उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. आयडलिंगला कार्बोरेटरची स्लाइड (हवेची वाट उघडणारा पडदा) जवळजवळ बंद असते, त्यामुळे इनलेटच्या बाजूला जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. तो व्हॅक्यूम जळून गेलेला गॅस सिलिंडरमध्ये परत ओढतो. इंजिन जितकं हळू फिरेल तितका ओव्हरलॅपचा काळ लांबतो आणि तितका धूर परत आत येतो. ताज्या मिश्रणात हा मेलेला गॅस वाढला की ठिणगी पडूनही ते पेटत नाही, किंवा पेटून मध्येच विझतं. ठोका गिळला जातो तो इथे. न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये जातं. त्या फेरीत नवा धूर तयार झालेला नसल्यामुळे पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण जास्त असतं आणि तो स्फोट जोरात होतो. त्यामुळे आवाज डग-डग-डग-...-डाग असा येतो. लोकांना तो मर्दानी वाटतो, पण मधल्या रिकाम्या जागेत तुझ्या खिशातलं पेट्रोल गेलेलं असतं.

ठोका गिळू नये म्हणून मेकॅनिक मिक्श्चर वाढवतो. जास्त पेट्रोल घातलं की ते मेलेल्या गॅसातही पेटतं, पण पुरेसा ऑक्सिजन नसल्यामुळे पूर्ण जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी येते. तुझ्या सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवून बघ, काळं कोरडं काजळ निघेल. शिवाय जादा पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि हळूहळू खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घे. पेट्रोलचा वास आला तर बाकी काही करायच्या आधी ऑइल बदल.

आता टायमिंग. या गाडीचं टायमिंग पिस्टन टॉपला यायच्या 0.8 मिलिमीटर आधी, पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच) उघडण्याच्या क्षणी धरतात, तेही ऑटो अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं) पूर्ण मागे असताना. ते आणखी मागे घेतलं की तीन गोष्टी होतात. किक हलकी होते आणि उलटी मारत नाही. तेवढीच स्लाइड उघडी असूनही फेऱ्या कमी होतात. आणि आवाज मोठा होतो, कारण स्फोट उशिरा सुरू झाल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बराच दाब आणि ज्वाला शिल्लक असते. तो दाब पाईपमध्ये फुटतो. म्हणजे पिस्टनला ढकलायची ताकद तू आवाजात घालवतोस. उष्णताही पिस्टनकडून काढून एक्झॉस्ट व्हॉल्व आणि बेंड पाईपवर टाकली जाते. तुझा पाईप निळा पडण्याचं पहिलं कारण मी हेच धरतो. पाईप निळा झाला तर फक्त शोभा जाते, पण त्याच उष्णतेत व्हॉल्वची कडा जळते, आणि मग हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरवावं लागतं. असं टायमिंग ठेवून दोन माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट चढणं म्हणजे व्हॉल्वला शिक्षा आहे.

फटाक्यांचं कारण बहुतेकदा याहून साधं असतं. उतारावर रेस सोडल्यावर मिश्रण नीट पेटत नाही आणि कच्चं पेट्रोल पाईपमध्ये जमतं. ते पेटायला हवा लागते, आणि हवा बेंड पाईप जिथे हेडमध्ये बसतो त्या सांध्यातून किंवा सायलेन्सरच्या क्लॅम्पमधून शिरते. थंड गाडी सुरू करून सांध्यावर साबणाचं पाणी सोड, बुडबुडे दिसतील. सांध्याभोवती काळी रेघ असली तरी तीच खूण. सांधा घट्ट केला की निम्म्याहून जास्त फटाके बंद झालेले मी नेहमी पाहतो. जाळी काढल्यामुळे फटाके निर्माण होत नाहीत, पण आधीपासून होणारे आता ऐकू येतात. आयडलिंगला पाईपमधून जाणारा गॅस इतका थोडा असतो की तिथल्या सेटिंगला जाळीने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वरच्या रेसला, मेन जेटच्या (कार्बोरेटरच्या मुख्य पेट्रोल छिद्राच्या) टप्प्यात. म्हणून "सायलेन्सर बदललाय, आता स्लो परत सेट करावं लागेल" हे कारण मला पटत नाही.

पीयूसीची पावती फेकू नकोस, ती चांगली तपासणी आहे. 31 मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची (सीओ) मर्यादा 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बनची (एचसी) 9000 पीपीएम (दहा लाखांत भाग). त्यानंतरच्या, बीएस-6 च्या आधीच्या फोर-स्ट्रोकला 3.5 टक्के आणि 4500. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं पेट्रोलच. सीओ जास्त आणि एचसी बेताचं असेल तर गाडी रिच (पेट्रोल जास्त) आहे पण ठोके पुरे होतायत. सीओ कमी आणि एचसी भरमसाट असेल तर ठोके गिळले जातायत: ठिणगी कमजोर, कुठून तरी हवा शिरतेय किंवा मिश्रण पातळ (लीन, पेट्रोल कमी). दोन्ही जास्त असतील तर रिचही आहे आणि गिळतेही आहे. तुझ्या वर्णनावरून पावतीवर हे तिसरंच दिसायला हवं. एक लक्षात ठेव, संथ आयडलिंगला दोन ठोक्यांच्या मधे सायलेन्सरच्या टोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. प्रोब वरवर धरला किंवा पाईप फुटका असला तर त्या हवेने आकडे खोटे कमी दिसतात. प्रोब खोल घालायला सांग.

हेडलाइटकडे दुर्लक्ष करू नकोस. हेडलाइटच्या वर ते छोटं अ‍ॅमीटर (बॅटरीचं चार्जिंग दाखवणारा काटा) आहे ना, ते मामांनी नक्कीच बघितलं असेल. हल्ली कुणी बघत नाही. लाइट लावून गाडी आयडलिंगला ठेव. काटा मधोमध किंवा किंचित उणेकडे थरथरत असेल तर ठीक. सरळ उणेकडे पडून राहत असेल तर अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही आणि बॅटरी रिकामी होतेय. व्होल्टेज पडलं की कॉइलची ठिणगीही कमजोर होते, मग आणखी ठोके गिळले जातात, आणि मेकॅनिक पुन्हा मिक्श्चर वाढवतो.

ऑइलचं दुखणं दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ऑइल पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो. फेऱ्या कमी, तर बिग एंडला (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) ऑइल कमी. त्यात गिळलेल्या ठोक्यानंतरचा जोरदार ठोका त्याच बिग एंडवर आदळतो. कॅम (व्हॉल्व उघडणारा) आणि टॅपेटचंही (कॅम आणि व्हॉल्वमधला दुवा) तसंच. वेगात असताना टॅपेटची स्वतःची गती स्प्रिंगचा दाब थोडा हलका करते. आयडलिंगला तो सगळा भार कॅमच्या टोकावर पडतो आणि ऑइलचा थरही तिथे सगळ्यात पातळ असतो. चहाच्या टपरीवर अर्धा अर्धा तास गाडी चालू ठेवून ठोका ऐकवणाऱ्यांच्या कॅमचं नाक झिजतं, ते यामुळे.

आता दुरुस्ती, आणि क्रम मोडू नकोस. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. गाडी रात्रभर थंड असताना टॅपेट बघ. या इंजिनात पुशरॉड (टॅपेटवरची उभी दांडी) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये. मग पॉइंट साफ करून गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेव, आणि त्यानंतरच टायमिंग 0.8 ला परत आण, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं. ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं हाताने फिरवून सोड, झटकन मागे यायला हवीत. आपल्या दमट खाऱ्या हवेत ती गंजून अडकतात, किंवा स्प्रिंग ढिल्या पडून आयडलिंगलाच उघडू लागतात. तसं झालं की आयडलिंग एका जागी राहत नाही, आपोआप वर चढतं आणि खाली येतं. त्याला कार्बोरेटरने उपाय नाही. स्प्रिंग बदल.

मग हवेची गळती. कार्बोरेटरचा फ्लँज (इंजिनाला जोडणारी कडा) जास्त आवळून वाकलेला असतो. चालू इंजिनवर फ्लँजच्या सांध्याला कार्बोरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मार. आवाज बदलला तर गळती आहे. हे मोकळ्या जागी आणि गरम पाईपपासून दूर कर. स्लाइड झिजून खुळखुळत असेल तर तिच्या बाजूनेही हवा जाते, आणि मग कुठलंच सेटिंग टिकत नाही.

एवढं झालं की गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आण. उभी करून गरम केलेली चालणार नाही. मिककार्बचा (या गाडीच्या कार्बोरेटरचा) एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरी उघड. हा स्क्रू हवेचा आहे: आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन. 2009 नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनांच्या सीव्ही (व्हॅक्यूमने स्लाइड उचलणाऱ्या) कार्बोरेटरला स्क्रू पेट्रोलचा असतो आणि तिथे हे बरोबर उलटं चालतं. एकाची सवय दुसऱ्यावर वापरल्यामुळे बिघडलेल्या गाड्या माझ्याकडे वरचेवर येतात. तर, स्लाइडच्या स्क्रूने इंजिन थोडं वर ठेव, एअर स्क्रू पाव-पाव फेरीने फिरव आणि जिथे फेऱ्या सगळ्यात जास्त आणि ठोका सगळ्यात सारखा येतो तिथे थांब. मग स्लाइडच्या स्क्रूने खाली आण. पुन्हा एअर स्क्रू, पुन्हा स्लाइड. असं खाली येत राहा आणि पहिला ठोका गिळला गेला की तिथून थोडं वर चढ. तेच तुझ्या इंजिनाचं खरं आयडलिंग. 820 येईल, 880 येईल. शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करू नकोस. दीडाऐवजी पाव फेरीवर किंवा तीन फेऱ्यांवर सेटिंग बसत असेल तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं छिद्र) चोंदलाय किंवा चुकीचा आहे.

हल्लीच्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही विचार कर. पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, ई20 ला सुमारे 13.5 पट. जुन्या जेटवर तेच इंजिन आपोआप थोडं लीन चालतं. म्हणून एअर स्क्रू पूर्वीपेक्षा किंचित आत बसला तर बिचकू नकोस. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी केलीस तर फ्लोट चेंबरच्या तळाशी पाणी सापडेल.

सायलेन्सरची जाळी परत बसव. कायदा आहेच, त्यावर पुढे बोलतो, पण आपल्याकडे आणखी एक कारण आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पाईप गरम असला तर ते बाहेर पडतं. आयडलिंगला सायलेन्सर तापत नाही, पाणी आतच ठिबकतं, त्यात काजळी आणि आम्ल मिसळतं, आणि बाहेरून समुद्राचा खारा वारा. गुहागरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात सायलेन्सर आतून सडतो आणि वरचं क्रोम चकचकीत असतानाच खालून भोक पडतं. सायलेन्सरच्या तळाला पाणी निथळायचं बारीक भोक असतं. "गळतंय" म्हणून ते वेल्डिंगने बुजवू देऊ नकोस. आणि गाडी काढलीस की निदान पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालव.

आता चुलतभावाचं. त्याची क्लासिक जे-सिरीजची, 349 सीसी, बोअर 72 आणि स्ट्रोक 85.8 मिलिमीटर, फ्युएल इंजेक्शन आणि बॅलन्सर शाफ्ट असलेली. व्हिडिओतल्या अमेरिकन व्ही-8 गाड्यांचा खडबडीत आवाज रेसिंग कॅममुळे येतो. त्या कॅममध्ये ओव्हरलॅप मुद्दाम खूप मोठा ठेवलेला असतो, वरच्या फेऱ्यांना ताकद मिळावी म्हणून. आयडलिंगला त्याच ओव्हरलॅपमुळे धूर परत येतो आणि ठोके गिळले जातात. म्हणजे तिथे तो आवाज दुसऱ्या कशासाठी तरी मोजलेली किंमत आहे. हल्ली कॅम न बदलता ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) टायमिंग आणि पेट्रोल मुद्दाम वरखाली करून तसा आवाज काढतात, त्याला घोस्ट कॅम म्हणतात. त्यात ताकद काहीच मिळत नाही, फक्त किंमत मोजायची.

आणि त्याच्या गाडीला ती किंमत जास्त पडेल. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा) आहे. ठोका गिळला की न वापरलेला ऑक्सिजनही पाईपमध्ये जातो. सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, म्हणून ईसीयू आणखी पेट्रोल सोडतो. ते कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी लालबुंद होते आणि शेवटी वितळून पाईप तुंबतो. त्याला स्पष्ट सांग, आयडलिंगला हात लावायचा नाही. नव्या गाडीचा ठोका मऊ आहे, तो तसाच राहू दे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम 190(2) खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. गणपतीत वाडीत म्हातारी माणसं, तान्ही मुलं असतात. जाळी बसवलेल्या बुलेटचा ठोका आरतीआधी अंगणात शिरला तर कुणाला त्रास होत नाही.

एका बाबतीत मी कडक आहे. पावसात पडवीला प्लास्टिक किंवा झापं लावून बंद केलेली असतात, तिथे गाडी चालू ठेवून ट्यूनिंग कधीही करू नका. पीयूसीतले 4.5 टक्के म्हणजे 45,000 पीपीएम कार्बन मोनॉक्साइड, आणि 1200 पीपीएम ही पातळीच माणसाच्या जिवाला तत्काळ धोकादायक धरली जाते. त्याला रंग नाही, वास नाही. गाडी अंगणात काढा, पाऊस असेल तर थांबा.

हे सगळं झाल्यावर सेटिंग बरोबर बसलं का, ते घाटात बघ. तुझा तोच रस्ता चिपळूणवरून पुढे कुंभार्ली चढतो. प्लग नवा घाल, टूल किट बरोबर घे. घाटाच्या मधल्या टप्प्यात तिसऱ्या गिअरमध्ये भार देऊन चढ, रुंद आणि सुरक्षित जागा बघून क्लच दाबून इंजिन बंद कर आणि बाजूला थांब. आयडलिंगला अजिबात ठेवू नकोस, नाहीतर प्लगवर आयडलिंगचाच रंग दिसेल. इंजिन थंड होऊ दे, मग प्लग काढ. पोर्सेलिन फिकट बिस्किटी रंगाचं असेल तर काही करू नकोस. ई20 वर ते थोडं जास्तच फिकट दिसतं. कोरडं काळं असेल तर नीडलची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या सुईची) क्लिप एक खाच वर घे. पांढरं फटक आणि कडेला बारीक मणी असतील तर क्लिप एक खाच खाली घे, आणि त्या सेटिंगवर उरलेला घाट चढू नकोस, सावकाश खाली उतर.